बगीच्यात अजून कॉम्प्रेसर का? तुम्ही विचारलंत म्हणून

नागपुरात माझं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं दुकान आहे आणि काटोल तालुक्यात तीन एकर संत्रा. तिथल्या बोअरचं पाणी मी बुडवायच्या मोटारीने, म्हणजे सबमर्सिबलने नाही, तर कॉम्प्रेसरची हवा खाली सोडून वर काढतो. ज्याला या दोन्ही गोष्टी ठाऊक असतात तो कधी ना कधी विचारतोच, "भाऊ, सारी दुनिया सबमर्सिबलवर गेली, तुमच्या बगीच्यात अजून कॉम्प्रेसर काहून? वीज नाही खात का?" दुकानात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तेरवीला आलेल्या एकाने विचारलं. दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि दर वेळी समोरच्याला वाटतं की हा हट्टी आहे. म्हणून एकदा नीट लिहितो.

वीज खातो. हे आधीच कबूल करतो. हवा दाबली की तापते. कॉम्प्रेसर चालू असताना हेडमधून निघणाऱ्या पाइपाला हात लावून पाहा, टेकवत नाही. ती उष्णता म्हणजे मीटरवर चढलेले युनिट, आणि तिच्यातून पाण्याचा एक थेंबही वर येत नाही. बोअर सरळ असेल, पाणी स्वच्छ असेल, झरा दमदार असेल तर सबमर्सिबलच टाका, असं मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो. आमचा बोअर तसा नाही. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागला आहे, तो ढासळतो आणि गाळ उतरतो. शेजारच्या बोअरमध्ये मोटार अशी अडकली की ओढताना दोर तुटला, मोटार अजून खालीच आहे. हवेच्या पंपात खाली फिरणारं काहीच नसतं. पाणी वर आणणारा एक पाइप आणि हवा खाली नेणारी एक बारीक नळी, बस. गाळ आला तर तोही वर येतो. पाणी संपलं तर नुसती हवा बाहेर पडते, जळत काही नाही.

ही युक्ती आजची नाही. जर्मनीत कार्ल लॉशर यांनी ती १७९७ मध्ये मांडली, तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. घरातल्या माशांच्या पेटीत बुडबुड्यांबरोबर नळीतून पाणी चढतं, ते हेच. तेलाच्या विहिरीत खाली गॅस सोडून तेल हलकं करून वर घेतात, तेही याच जातीचं.

आता ज्या गोष्टीवरून माझा जीव जळतो ती सांगतो. लोकांना वाटतं, हवा पाण्याला खालून ढकलते. म्हणजे जितकी हवा जास्त, तितकं पाणी जास्त. नाही. हवा पाण्यात मिसळते, पाइपातलं पाणी फेसाळून हलकं होतं. पाइपाबाहेर बोअरमध्ये उभं असलेलं पाणी जड असतं, ते या हलक्या पाण्याला वर लोटतं. खरा जोर बाहेरच्या पाण्याचा. म्हणून हवेचं तोंड पाण्यात खोल बुडालेलं लागतं. तोंडापासून वर पाणी पडतं तिथपर्यंतची जी एकूण उंची, तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग पाण्यात असला तर पंप सुखाने चालतो. एकतृतीयांशाच्या खाली गेला की रडतो.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण सव्वीस वर्षांचा असताना मला ते कळत नव्हतं. तेव्हाही मी मिस्त्रीच होतो.

आमचा बोअर तीनशे फुटांचा. हवेचं तोंड २८० फुटांवर. त्या वर्षी हिवाळ्यात उभं पाणी ९० फुटांवर होतं, चालू केल्यावर १२० वर टिकायचं. म्हणजे १६० फूट बुडालेलं. धार एकसारखी, जाड. आंबिया बहार धरला होता, जानेवारीत फुलं चांगली लागली. एप्रिलच्या मध्यापासून धार तुटायला लागली. आधी फटफट, मग नुसते फवारे, मग पाइपातून वाफेसारखा धूर आणि घशात अडकल्यासारखा आवाज.

मी हवेचा दाब दाखवणारं गेज पाहिलं. हिवाळ्यात चालताना काटा पावणेपाच किलोवर असायचा, आता अडीचच्याही खाली. मी ठरवलं, कॉम्प्रेसर थकला. रिंगा बदलल्या. व्हॉल्व्हच्या पट्ट्या बदलल्या. काटा तिथेच. मग उधारीवर दहा हॉर्सपॉवरचा सेकंडहँड कॉम्प्रेसर आणला, आमच्या पाचच्या जागी बसवला. काटा जेमतेम हलला आणि पाणी आणखी कमी झालं. मी म्हटलं, हवा पुरत नाही. दोन दिवस रात्रीची लाइन असताना तो सलग चालवला. बाबा बांधावर टॉर्च घेऊन उभे राहायचे, पाइपाच्या तोंडावर उजेड धरून. काही बोलायचे नाहीत.

तीन आठवडे गेले. मे महिना, दुपारी ४५ डिग्री. लिंबाएवढी झालेली हिरवी फळं सकाळी झाडाखाली पडलेली दिसायची. वरच्या मुरमाड तुकड्यातल्या झाडांची पानं आतल्या बाजूला वळली आणि तशीच राहिली.

मग काकाजी आले. ते विहिरीवरचे जुने माणूस, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी पाइपाला कान लावला, गेजकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "पानी खाली गेलं बाप्पा, अन् तू हवा कायले वाढवतं? हे गेज कॉम्प्रेसरचं नाही, बोअरचं हाय."

तेहतीस फूट उभ्या पाण्याला एक किलो दाब. नळीत हवा तेवढ्याच दाबाने सुटते, जेवढं पाणी तिच्या तोंडावर उभं असतं. पावणेपाच किलो म्हणजे जवळपास १६० फूट. अडीचच्या खाली म्हणजे ८० फूट. चालू पाणी २०० फुटांवर गेलं होतं आणि तोंड २८० वर, म्हणजे एकतृतीयांशही बुडालेलं नव्हतं. तीन आठवडे ते यंत्र मला आकड्यात सांगत होतं की पाणी गेलंय, आणि मी त्याच्याच रिंगा बदलत होतो. वर दुप्पट हवा सोडली, तर ती पाइपाच्या मधून सुसाट निघाली आणि पाणी भिंतीला चिकटून राहिलं.

काकाजींनी जुना पाचचा परत बसवायला लावला, त्याचीही थोडी हवा बाजूच्या व्हॉल्व्हने बाहेर सोडली. अर्धा तास चालवायचा, दोन तास बंद. बंद असताना पाणी १७० पर्यंत चढायचं, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं धार यायची. ते पाणी बादलीने मोजून झाडांना दिलं. मुरमाड तुकड्यातली सत्तर झाडं तरी गेली. बाबांनी पावसाळ्याआधी ती स्वतः तोडली, मजूर लावला नाही.

त्या सव्वीस वर्षांच्या पोराशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, पाणीच नव्हतं, मी काय करणार होतो? खरं आहे. सबमर्सिबल असता तरी कोरडा चालून जळला असता. पण तीन आठवड्यांत अर्धा-अर्धा तास चालवून जेवढं पाणी निघालं असतं, त्यात सत्तरातली किती झाडं तगली असती, याचं उत्तर ना त्याच्याकडे आहे ना माझ्याकडे.

तर कॉम्प्रेसर का ठेवला? कारण रोज सकाळी चालू केला की मी आधी काटा बघतो, नाहीतर फोनवर विचारतो. मला बोअरच्या पोटातलं पाणी फुटांत कळतं. सबमर्सिबल मुकाट्याने उपसत राहतो, आणि एक दिवस नळातून गुळण्या येतात. हे मी पटवून देण्यासाठी सांगत नाही, मला खरंच तसं वाटतं.

पुतण्याचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, आता पॅनेलमध्ये कोरडं चालणं ओळखून मोटार बंद करणारं सेटिंग येतं. पाण्याची पातळी मोजायला बोअरमध्ये वेगळी बारीक नळी सोडून सायकलच्या पंपानेही गेज वाचता येतं, त्यासाठी पाच हॉर्सपॉवर कशाला जाळता? याला माझ्याकडे उत्तर नाही. तेलाचंही तो बोलतो, आणि तिथेही त्याचं बरोबर आहे: कॉम्प्रेसरचं तेल हवेबरोबर थोडं खाली जातंच, म्हणून आमच्या घरात त्या बोअरचं पाणी प्यायला घेत नाही आणि कुणाला घेऊही देत नाही. तुमच्याकडे एकच बोअर असेल आणि घर त्यावरच पीत असेल, तर माझं उदाहरण धरू नका.

मग तो हळूच विचारतो, तुम्ही मशीन ठेवता की त्या तीन आठवड्यांची शिक्षा? एकदा रागावलो होतो त्याच्यावर. आता नुसता गप्प राहतो.

गाळाचं मात्र मी सोडणार नाही. मागच्या पावसाळ्यानंतर पहिल्या दिवशी बोअरमधून लालसर चिखल आला, बाजरीच्या आंबिलीसारखा दाट, सुमारे वीस मिनिटं. मी पाइपाखाली हात धरला तर बोटांमध्ये खडे राहिले, हरभऱ्याएवढे. त्यानंतर पाणी निवळलं. सबमर्सिबलच्या पंख्यांचं त्या वीस मिनिटांत काय झालं असतं, ते दुकानात या, उघडून ठेवलेले पंखे दाखवतो.

पुतण्याने दर आणले आहेत, कागद गल्ल्याखाली ठेवला आहे. आज सकाळी बगीच्यात फोन केला होता. काटा चारला आहे.