आकड्यांची तारीख बघा, मग आभाळाकडे

दिवाळी सरली की बेळगाव भागातलं आभाळ निवळतं, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक बघणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ॲपने दिलेल्या वेळेला सगळे गच्चीवर जमतात, स्थानक येत नाही, आणि माणसं खाली उतरल्यावर तीन मिनिटांनी ते डोक्यावरून निघून जातं. यात ॲपचा दोष क्वचितच असतो. फोनमध्ये साठवलेले कक्षेचे आकडे शिळे झालेले असतात. कक्षा रोज थोडी बदलते, म्हणून कुठलंही ॲप वापरलंत तरी आधी एकच गोष्ट तपासा: हे आकडे कोणत्या तारखेचे आहेत?

हे आकडे दोन ओळींत मिळतात. त्यांना टीएलई (टू-लाइन एलिमेंट) म्हणतात आणि उपग्रहांच्या कक्षांची माहिती देणाऱ्या सेलेस्ट्रॅकच्या साइटवर ते फुकट उपलब्ध आहेत. स्थानकाचा नोंदणी क्रमांक २५५४४. पहिल्या ओळीतल्या १९ ते ३२ या रकान्यांत, म्हणजे डावीकडून मोजलेल्या अक्षरांच्या जागांत, तारीख असते. तिथे २५०४५.५ असं दिसलं तर २०२५ सालचा ४५वा दिवस, म्हणजे १४ फेब्रुवारी, दुपारचे बारा असं वाचायचं. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. आपले साडेपाच तास मिळवले की संध्याकाळचे साडेपाच होतात. हे साडेपाच तास मिळवायचे राहिले, की पुढचा सगळा हिशेब कोलमडतो.

दुसऱ्या ओळीत कक्षेचा कल (विषुववृत्ताशी होणारा कोन) वगैरे असतं. त्यातला ५३ ते ६३ रकान्यांतला आकडा सर्वांत कामाचा, कारण उपग्रह दिवसाला किती फेऱ्या मारतो ते तो सांगतो. १४४० मिनिटांना त्याने भागलं की एका फेरीचा वेळ मिळतो. १५.५ फेऱ्या म्हणजे सुमारे ९३ मिनिटं, उंची ४१७ किलोमीटरच्या आसपास. १५.२ असेल तर उपग्रह पाचशेच्या वर आहे. १६.० झाला तर तो पावणेतीनशेपर्यंत उतरलाय, आणि १६.४ दिसला तर त्याचे शेवटचे दिवस चाललेत. एवढा एक आकडा दर आठवड्याला वहीत टिपून ठेवला तरी उपग्रह किती उतरतोय ते कळतं. शाळेतल्या मुलांकडून करून घेण्यासारखा हा प्रयोग आहे, आणि त्याला दुर्बीण लागत नाही.

आता शिळेपणाचा हिशेब. चारशे किलोमीटरवर हवा अतिशय विरळ असली तरी ती असते, आणि ती उपग्रहाला मागे ओढते. उपग्रह खाली येतो आणि खालच्या कक्षेत त्याचा वेग वाढतो. अडथळ्याने वेग वाढावा हे ऐकायला उलटं वाटतं, पण उंची घटताना मिळणारा वेग हवेने खाल्लेल्या वेगापेक्षा जास्त असतो. फेरी लहान होते आणि उपग्रह ठरल्या वेळेच्या आधी येतो. पहिल्या ओळीत ३४ ते ४३ रकान्यांत या बदलाचा आकडा असतो. समजा तो ०.०००१ आहे आणि प्रत्यक्षात हवेचा अडथळा धरल्यापेक्षा दुप्पट निघाला. मग चूक दिवसांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० दिवसांनी फेरीचा शंभरावा भाग, म्हणजे ५६ सेकंद. २० दिवसांनी ती दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे पावणेचार मिनिटं. म्हणून तीन-चार दिवसांचे आकडे चालतात, तीन आठवड्यांचे चालत नाहीत.

हवेचा अडथळा कमी-जास्त होतो तो सूर्यामुळे. सौर वादळ आलं की वरची हवा तापून फुगते आणि त्याच उंचीवर ती दाट होते. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह सुमारे २१० किलोमीटरवर सोडले होते. दुसऱ्याच दिवशी भूचुंबकीय वादळाने अडथळा आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला आणि त्यातले बहुतेक उपग्रह वर चढायच्या आधीच जळून गेले. वादळाची बातमी वाचलीत तर त्या आठवड्यात आकडे रोज नव्याने घ्या.

स्थानकाचं आणखी एक आहे. ते महिन्याला साधारण दोन किलोमीटर उतरतं, म्हणून अधूनमधून इंजिन चालवून त्याला वर ढकलतात. उंची एक किलोमीटर वाढली की प्रत्येक फेरीला सव्वा सेकंद जास्त लागतो, म्हणजे दिवसाला १९ सेकंद. दोन किलोमीटरची ढकल बसल्यावर पाच दिवस जुने आकडे वापरलेत, तर स्थानक तीन मिनिटं उशिरा येतं. ही गच्चीवरची तीन मिनिटं बहुतेकदा इथूनच आलेली असतात. त्यामुळे स्थानक लवकर आलं तर हवेने ओढलं आणि उशिरा आलं तर वर ढकललं, असा अंदाज बांधायला हरकत नाही. हबल दुर्बिणीला मात्र असं इंजिनच नाही. १९९० साली ती सुमारे ६१० किलोमीटरवर सोडली आणि तेव्हापासून, अंतराळवीरांनी दुरुस्तीला जाऊन अधूनमधून उचललं तेवढं सोडता, ती उतरतेच आहे. तिचा कल २८.५ अंश असल्याने युरोपातल्या बऱ्याच भागातून ती दिसतच नाही. बेळगाव १५.८५ अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडे ती थेट डोक्यावरून जाते. ही सोय आपण पुरेशी वापरत नाही.

रोजची वेळ सरकते त्याचं कारण वेगळं. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे आणि त्या फुगीरपणामुळे कक्षेची पातळी, म्हणजे उपग्रह ज्या सपाटीत फिरतो ती सपाटी, हळूहळू वळत राहते. स्थानकाची पातळी दिवसाला पाच अंश पश्चिमेकडे सरकते, त्यात सूर्य रोज उलट दिशेला सरकतो तो एक अंश मिळवला की सहा अंश होतात, म्हणजे रोज २४ मिनिटं अलीकडे. म्हणूनच संध्याकाळी काही दिवस दर्शन, मग खंड, मग पहाटे दर्शन असा क्रम चालतो. मध्येच आभाळात ते विझल्यासारखं दिसेनासं झालं, तर ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं असं समजा. हाच फुगीरपणा इस्रो कामालाही लावते. ६०० किलोमीटरवर कल ९७.८ अंश ठेवला की पातळी वर्षाला बरोबर एक फेरी वळते आणि उपग्रह एखाद्या भागावरून जातो तेव्हा दर वेळी तीच स्थानिक वेळ असते. शेतीचे, पुराचे फोटो एकमेकांशी ताडून बघता येतात ते त्यामुळे.

उड्डाणाच्या दिवशी मात्र कुठल्याच आकड्यांवर विसंबू नये. श्रीहरिकोटा आपल्यापासून सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर आहे, आणि यान ३४ किलोमीटर उंच गेल्याशिवाय आपल्या क्षितिजावर येऊच शकत नाही. तोवर ते बंगालच्या उपसागरावर लांब गेलेलं असतं, त्यामुळे इथून उड्डाण दिसेल या आशेवर मुलांना जागं ठेवू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत उपग्रह कुठला आणि रॉकेटचा शेवटचा टप्पा कुठला, हेही यादीत नीट ठरलेलं नसतं. कक्षा चुकली तर काय होतं ते ७ ऑगस्ट २०२२ च्या एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिसलं. ३५६ किलोमीटरची गोल कक्षा हवी होती. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यांनी वेगमापक संवेदक गोंधळले, त्यांना बिघडलेले ठरवून यंत्रणेने पर्यायी मार्ग धरला आणि कक्षा ३५६ बाय ७६, म्हणजे दूरचा बिंदू ३५६ आणि जवळचा ७६ किलोमीटरवर, अशी झाली. ७६ किलोमीटरवर हवा इतकी दाट असते की कुठलाही उपग्रह तिथून एक फेरीही तग धरत नाही. २९ जानेवारी २०२५ ला गेलेल्या एनव्हीएस-०२ या दिशादर्शक उपग्रहाची कथा उलटी. रॉकेटने त्याला नीट सोडलं, पण कक्षा उंचावणाऱ्या इंजिनाकडे ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं द्रव्य) सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेतच राहिला. उड्डाण यशस्वी झालं म्हणजे उपग्रह जागेवर पोचला, असं बातम्यांत सर्रास लिहितात. ते चूक आहे.

म्हातारे उपग्रह खाली आणण्यात इस्रोने चांगलं काम केलंय. २००७ सालचा, जमिनीचे फोटो काढणारा कार्टोसॅट-२ साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास होता. तसाच सोडला असता तर उतरायला त्याला तीसेक वर्षं लागली असती. उरलेलं इंधन वापरून २०२० मध्ये त्याच्या कक्षेचा जवळचा बिंदू ३८० किलोमीटरपर्यंत आणला, आणि १४ फेब्रुवारी २०२४ ला तो वातावरणात शिरून संपला. मेघा-ट्रॉपिक्स या हवामानाच्या उपग्रहाला ७ मार्च २०२३ रोजी इंजिन चालवूनच पॅसिफिकवर उतरवला. त्याचा कल २० अंश होता, म्हणजे आपल्या डोक्यावरून जाणाऱ्यांपैकीच एक.

जाग्याचंही पक्कं करा. ॲपमध्ये नुसतं 'बेळगाव' भरून निपाणीतून बघितलं, तर साठेक किलोमीटरच्या फरकाने डोक्यावरचं स्थानक आठ-नऊ अंश बाजूला दिसतं. खानापूरकडे पश्चिमेचं क्षितिज डोंगर-रानाने झाकलेलं असतं, तिथे पश्चिमेकडून उगवणाऱ्या फेऱ्यांची पहिली दोन मिनिटं धरू नका. राजहंसगडावर चारी बाजू मोकळ्या मिळतात. पूर्वेला सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानांचे दिवे लुकलुकतात, उपग्रहाचा उजेड स्थिर असतो.

राहता राहिले ३५,७८६ किलोमीटरवरचे, एकाच जागी थांबल्यासारखे वाटणारे उपग्रह. तेही स्थिर नसतात. चंद्र-सूर्याच्या ओढीने त्यांचा कल वर्षाला पाऊण ते एक अंश वाढतो आणि तो आवरण्यातच उपग्रहाचं बरंचसं इंधन जातं. पूर्व-पश्चिम सरकण्याचं कारण पृथ्वीच्या विषुववृत्ताचा किंचित लंबगोल आकार. त्यामुळे दोन जागा खोलगट ठरतात, एक १०५ अंश पश्चिमेला आणि दुसरी ७५ अंश पूर्वेला. बेळगाव ७४.५ पूर्वेवर आहे. म्हणजे इंधन संपल्यावर वरच्या कक्षेत न नेता तसेच सोडून दिलेले कित्येक निकामी उपग्रह आपल्या जवळजवळ बरोबर दक्षिणेला, ७१ अंश उंचीवर, त्या जागेभोवती वर्षानुवर्षं पुढे-मागे झुलत राहतात. हवामानाचा इन्सॅट-३डीआर ७४ पूर्वेला, याच टापूत काम करतो. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ मात्र ९३.५ पूर्वेला आहे. त्याच्यासाठी डिश दक्षिणेपासून पूर्वेकडे ५२ अंश वळवून ६१ अंश उंच धरावी लागते. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो आणि नियंत्रण कक्ष उपग्रहाला त्याच्या जागेपासून अंशाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त हलू देत नाही. त्यामुळे एकदा नीट बसवलेल्या डिशचं चित्र गेलं तर आधी वाऱ्याने सैल झालेला नट तपासा आणि मग एलएनबीत, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवरच्या डबीत, शिरलेलं पाणी.