टेबलाचा उखडलेला पाय आणि भुशाचा बोर्ड

नाशिकमध्ये घर सिडकोतून पाथर्डी फाट्याला हलवलं, तेव्हा सामान नेणाऱ्या मंडळींनी माझं कामाचं टेबल उचललं नाही, ढकललं. फरशीच्या सांध्यात पाय अडला, कट् असा आवाज झाला आणि टेबल एका अंगाला कललं. "किरकोळ आहे ताई, दोन स्क्रू मारले की झालं," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

टेबल उलटं केल्यावर मला त्यात किरकोळ काही दिसेना. या टेबलाला चार खूर नाहीत. दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या आहेत आणि तेच पाय. प्रत्येक फळी वरच्या फळीला मिनिफिक्सने, म्हणजे बोल्ट आणि त्याला ओढून धरणाऱ्या फिरत्या चकतीने, जोडलेली. त्यातला पुढचा बोल्ट वरच्या फळीच्या पोटातून मुळासकट निघाला होता. त्याच्या प्लास्टिकच्या बुशाला (बोल्टभोवतीच्या नळीला) तपकिरी चुरा चिकटलेला, मागे रुपयाच्या नाण्याएवढा खड्डा. बोट फिरवलं की आणखी भुसा गळायचा. १८ मिमीच्या फळीत वर जेमतेम ५-६ मिमी शाबूत उरलं होतं. वरून पाहिलं तर पांढरं लॅमिनेट नव्यासारखं!

टेबल पार्टिकल बोर्डाचं, म्हणजेच भुशाच्या बोर्डाचं. हा बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद, गरम दाबाखाली थापलेला. दोन्ही पृष्ठांकडे बारीक, घट्ट थर असतो. पोटात भरड, सैल. लाकडात स्क्रूचे आटे धाग्यांना धरतात. इथे धागा सलग नाहीच, म्हणून एकदा चुरा झाला की त्या जागी पुन्हा पकड येत नाही. त्यात तरफ. पायाची उंची ७२ सेंमी आणि बोल्ट फळीच्या कडेपासून ९ मिमीवर. खालून आडवा धक्का बसला की बोल्टवर कागदी हिशेबाने ऐंशीपट ओढ येते. बाकीचे सांधे आणि मागची आडवी फळी त्यातला वाटा उचलतात म्हणून ही टेबलं टिकतात तरी.

सल्ले भरपूर मिळाले. शेजारचे काका म्हणाले, एम-सील भर आणि तोच बोल्ट परत बसव. ओळखीच्या मिस्त्रींनी फोटो बघूनच निकाल दिला, "भुशाच्या बोर्डाला हात लावत नाही मी. प्लायचं करून देतो." त्यांचं अगदीच चूक नव्हतं, पण प्लायचा खर्च ऐकून मी माझ्या टेबलाकडे जरा मायेने पाहिलं. काकांचा उपाय मात्र पटला नाही. भराव कितीही टणक झाला तरी तो धरणार शेवटी आजूबाजूच्या त्याच भुसभुशीत बोर्डाला. पुढचा धक्का बसला की भरावासकट मोठा खड्डा हातात. भार त्या जागेवरून हलवायला हवा, लांबीभर वाटून द्यायला हवा, हे माझं मत पक्कं झालं.

रविवार कारंज्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात एल पट्ट्या, म्हणजे काटकोनात वळलेल्या धातूच्या पट्ट्या, मागितल्या. दुकानदार दादांनी विचारलं, "भुशाचा बोर्ड आहे का? मग एल पट्टी नको. दोन स्क्रूवर सगळा जोर येतो, परत निघेल. लाकडी पट्टी लावा, लांब." मी मनात तेच धरून आले होते, त्यामुळे दादा लगेच आवडले. एक इंची चौकोनी सागवानी पट्टी फळीच्या रुंदीएवढी कापून घेतली. शिवाय पाव इंची जाड, अडीच इंची लांब नट-बोल्ट, मोठे वायसर, दीड इंची चिपबोर्ड स्क्रू, ॲरल्डाइट (दोन ट्यूबचा इपॉक्सी गोंद), ८० नंबरचा पॉलिश पेपर. सगळं पाचशेच्या आत.

आधी खड्डा. जुन्या टूथब्रशने सुटा भुसा काढला, मग खड्ड्याच्या कडांवर फेविक्विकचे थेंब सोडले. ते पातळ असल्याने आत झिरपतं आणि उरलेला चुरा बांधून धरतं. पाण्यावर आधारलेला फेविकॉल उघड्या भुशात ओतायची मला धास्ती वाटली. हा बोर्ड पाण्याने फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. रोज लादी पुसून पुसून माझ्या पायांची खालची कड तशीच फुगली आहे. नंतर ॲरल्डाइटच्या दोन्ही ट्यूब समप्रमाणात काढून, त्यात लाकडाचा बारीक भुसा कालवून खड्डा भरला. भार पेलायला नव्हे, वरची पातळ कातडी दाबाने बसू नये म्हणून. डिसेंबर होता, निफाडचा पारा रोज बातम्यांत. थंडीत इपॉक्सी फार सावकाश धरतं. सकाळी नख लावलं तर ठसा उमटला, म्हणून आणखी एक दिवस थांबले.

मग पट्टी. लॅमिनेट गुळगुळीत, त्यावर कुठलाच गोंद नीट धरत नाही. म्हणून पट्टीपुरती जागा पॉलिश पेपरने खरवडली, ॲरल्डाइट लावलं आणि पट्टी आतल्या कोपऱ्यात बसवली. फळी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे ना ते तपासून पट्टीतून पायाच्या फळीत आरपार भोकं पाडली, दोन्हीकडे वायसर घालून बोल्ट आवळले. आवळताना वायसर बोर्डात रुतायला लागला की थांबायचं. बाहेर आलेले आटे हेक्सॉ ब्लेडने कापले. वरच्या फळीत स्क्रू खालून. पट्टी २५ मिमी, स्क्रू ३८ मिमी, म्हणजे बोर्डात १३ मिमी. आधी ड्रिलच्या २.५ मिमी बिटने भोक, बिटवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी. नाहीतर टोक वर टेबलावर उगवायचं. सहा-सात स्क्रू लांबीभर विखुरले, जुना खड्डा टाळून. मागच्या कोपऱ्यात मात्र एक बोल्ट थेट वरपर्यंत काढला. तिथे प्रिंटर असतो, डोकं कोणाला दिसतंय?

मोडला नव्हता त्या पायालाही तशीच पट्टी लावून टाकली. आता मी टेबलाला कोपर टेकून लिहिते तेव्हा स्क्रीन हलत नाही. पूर्वी, अगदी नवं असतानाही, ती हलायची. पाय आता सुटे होणार नाहीत, त्यामुळे पुढचं घर बदलताना टेबल अख्खंच न्यावं लागेल. दार ८० सेंमीचं आहे, टेबलाची खोली ६० सेंमी. आडवं करून निघतं, मोजून ठेवलंय.