दोन पेशींवर अडकलेले भ्रूण

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मॅडमनी सांगितलं, उंदराच्या जिवंत भ्रूणात मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले सूक्ष्म भाग) कशा पसरतात ते बघ. मला वाटलं दोनतीन महिन्यांत होईल, लागलं वर्ष.

मादीला जास्त बीजांडं तयार व्हावीत म्हणून पीएमएसजी आणि ४८ तासांनी एचसीजी या हार्मोन्सची इंजेक्शनं, रात्री नरासोबत ठेवायची, सकाळी प्लग (समागम झाल्याची खूण) बघून झायगोट म्हणजे एका पेशीचे फलित बीजांड काढायचे आणि केएसओएम या पोषक द्रावणाच्या थेंबात वरून तेल घालून इन्क्युबेटरमध्ये. एवढं हाताला बसायलाच दीड महिना गेला. पण मायटोकॉन्ड्रिया चमकवणारा डाय घालून कॉन्फोकल या लेझरवाल्या मायक्रोस्कोपखाली ठेवले की दोन पेशी व्हायच्या आणि बस्स, तिथेच. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी पण दोनच, आणि काळपट दाणेदार दिसायला लागलेल्या. काही जातींत भ्रूण दोन पेशींवर अडकतात हे माहिती होतं, पण आमचे एफ१ हायब्रीड (दोन जातींच्या संकराची पहिली पिढी), त्यांना तो त्रास नसतो, म्हणजे आपल्याच हातून काहीतरी होतंय. रडू यायचं अक्षरशः, एवढ्या माद्या वाया जात होत्या.

शेवटी एक सिनियर म्हणाला तीन डिश लाव, एक तशीच, एक फक्त डायची, एक डाय अधिक लेझर. पहिल्या दोन मस्त ब्लास्टोसिस्टपर्यंत (आत पोकळी असलेल्या भ्रूणाच्या टप्प्यापर्यंत) गेल्या, तिसरी अडकली. डायवर लेझर पडला की फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि ते नेमके मायटोकॉन्ड्रियालाच लागतात. आणि या दिवसांत भ्रूण त्यांची संख्या वाढवत नाही, आईने बीजांडात भरून दिलेली शिदोरीच प्रत्येक विभाजनात वाटली जाते (शुक्राणूच्या ज्या थोड्या आत येतात त्या नष्ट केल्या जातात), म्हणून खराब झालेल्यांची भरपाई होत नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं पण कळलं त्या दिवशी.

मग लेझर अगदी कमी केला, दर १० मिनिटांऐवजी तासाला एक फोटो, धूसर आला तरी चालेल. चौथ्या दिवशी ब्लास्टोसिस्ट दिसला आणि बाहेरच्या पेशी केवढ्या उजळ, मायटोकॉन्ड्रिया लांबट, आतल्या गोळ्यातल्या मात्र मंद आणि गोलसर. बाहेरच्या पेशी सोडियम पंप करून पोकळीत पाणी भरतात, ऊर्जा त्यांनाच जास्त लागणार ना. एका फोटोत ती पोकळी पूर्ण बसलेली, मी घाबरले, गेलं म्हटलं हे पण. पुढच्या तासाचा फोटो येईपर्यंत जागची हलले नाही. परत फुगलेली होती!