तूप नसलेलं तुपी

गावाचं नाव तुपी, त्यामुळे माझ्या फिलिपिनो कलीगने तिच्या या गावाबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं असेल हे सांगायला नको. तूप अर्थातच नाही तिथे. फिलिपिन्सच्या अगदी दक्षिणेला, मिंडानाओ बेटावर साउथ कोताबातो प्रांत आहे, त्यातलं हे शेतीचं गाव. जनरल सांतोसला विमानातून उतरलं की कोरोनादालकडे जाणाऱ्या हायवेवर व्हॅनने साधारण तासाभरात पोचतो. वाटेत पोलोमोलोक लागतं आणि मग अननस, अननस आणि अननसच, डोल नावाच्या कंपनीचे मळे आहेत ते, 1963 पासूनचे. त्यांच्यामागे मातुतुम नावाचा ज्वालामुखी, 2286 मीटर उंच, सकाळी स्वच्छ दिसतो आणि दुपारी ढगात गडप. अननसाचं कौतुक मला पहिली दहा मिनिटं होतं, नंतर झोप लागली, खरं सांगते.

कलीगचं घर म्हणजे एक भाषिक गोंधळ आहे. लोलाचे (आजीला लोला म्हणतात) वडील इलोकोसचे, म्हणजे पार उत्तरेकडच्या लुझॉन बेटाचे, नवऱ्याकडचे इलोइलोचे आणि जावई सेबूवाला (ही दोन्ही मधल्या विसायाज बेटांवर). आता एवढे सगळे या एका खोऱ्यात कसे, तर 1939 मध्ये सरकारने नॅशनल लँड सेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं काढलं, जनरल पावलिनो सांतोस त्याचे प्रमुख (जनरल सांतोस शहर त्यांच्याच नावाचं), आणि लुझॉन, विसायाजमधल्या जमीन नसलेल्या लोकांना बोटीत बसवून इथे आणून वसवलं. पहिल्या बोटीत 62 जण होते म्हणे. तुपी ही त्यातलीच एक वसाहत.

तर जेवायला बसलं की लोला म्हणते नाइमास, बाकीचे म्हणतात नामित, जावई म्हणतो लामी. तिन्हीचा अर्थ एकच, छान झालंय. मी मोबाईलवर टागालोग (राजधानी मनिलाकडची भाषा) शिकून गेले होते म्हणून मी आपली मासाराप म्हणत होते आणि सगळे कौतुकाने बघत होते, जसं आपण मराठी बोलणाऱ्या फॉरेनरकडे बघतो ना तसं.

आणि त्या टागालोगने माझी वाटच लावली. कलीगचा भाचा, सहा वर्षांचा, अंगणातल्या झाडाकडे ओठ पुढे काढून (इथे बोट दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात) ओरडला, "लांगाम! लांगाम!" टागालोगमध्ये लांगाम म्हणजे मुंगी. मी बसले होते त्याच झाडाखाली, टुणकन उठले, ड्रेस झटकला, चप्पल झटकली, खुर्ची उलटी करून बघितली, आणि पोरगं हसून हसून जमिनीवर लोळायला लागलं. सेबुआनोमध्ये, म्हणजे सेबूच्या भाषेत, लांगाम म्हणजे पक्षी. वर फांदीवर एक छोटासा पक्षी आरामात बसला होता. आणि इलोंगोत (इलोइलोकडची भाषा) पक्ष्याला पिसपिस म्हणतात, ही माहिती लोलाने नंतर पुरवली, बरं झालं लवकर नाही सांगितली.

लोलाचं स्वयंपाकघर मात्र माझं आवडतं. तिने केबीएल केलं, म्हणजे कादयोस, बाबोय, लांगका, इलोंगो लोकांचा जीव की प्राण. मी मासे खाते पण डुक्कर नाही, म्हणून माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात बाबोय वगळून फक्त के आणि एल. लांगका म्हणजे फणस, कच्चा. आणि कादयोस ती टोपलीत निवडत बसली होती, मी जवळ जाऊन बघते तर काय, तूर! अख्खी तूर, काळपट सालाची. डाळ वगैरे करायचा विचार कोणाच्याच मनात नाही, अख्खे दाणे शिजवायचे, रस्सा काळा-जांभळा होईपर्यंत. आंबटपणासाठी बातुआन नावाचं हिरवं फळ टाकतात, ते आपल्या कोकमाचं चुलत भावंड निघालं, दोन्ही गार्सिनियाच. मी एक घास खाल्ला आणि जिभेला कळेना की आपण घरी आहोत की बाहेर. शेवटी शेवग्याचा पाला पडतो वरून, त्याला मालुंगाय म्हणतात आणि प्रत्येक कुंपणाला उभा असतो.

तिथे मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत फिरत होते, तागा दिइन का, तू कुठची? हे वाक्य लोलाने शिकवलं. गंमत म्हणजे सगळे आजोबांचं गाव सांगतात. रिक्षावाला (ट्रायसिकल म्हणतात) म्हणाला इलोइलो, जिथे तो आयुष्यात एकदाही गेला नाही. भाजीवाली म्हणाली पांगासिनान, म्हणजे पार लुझॉन. तिसरी पिढी झाली तरी.

बाजाराच्या टोकाला एक म्हातारी बाई पालेभाजी घेऊन बसली होती, ब्लाआन समाजाची. हे खोरं मुळात ब्लाआन लोकांचं. वसाहती वाढल्या, कागदपत्रं झाली, सपाट जमीन गेली आणि हे लोक मातुतुमच्या उतारांवर सरकत गेले. आदिवासींचे हक्क मानणारा कायदा आला तो थेट 1997 मध्ये. घरी सगळे मिळून मिसळून राहतात याचं मला इतकं कौतुक वाटत होतं आणि ही गोष्ट जेवणाच्या टेबलावर एकदाही निघाली नव्हती, कोणी लपवली असं नाही, निघालीच नाही. ब्लाआन समाजातल्याच फु याबिंग मासालोन दुलो या विणकर आजींना 2016 मध्ये देशाचा सर्वोच्च लोककलाकार सन्मान मिळाला, अबाकाच्या (केळीच्या जातीचं झाड) धाग्यावर आधी गाठी मारून, रंगवून मग विणायचं त्यांचं काम, पोलोमोलोकमधल्याच त्या, 2021 मध्ये गेल्या.

मी सवयीने बाजारातल्या त्या बाईंनाही विचारलं, तागा दिइन? त्यांनी ओठ पुढे केले, खाली जमिनीकडे. "दिरी." इथली.

मग त्यांनीच सांगितलं, कलीग भाषांतर करत होती, की तुपी हे त्यांच्या तुफीवरून आलं, विड्याचं पान. मी म्हटलं आमच्याकडे पण खातात! लगेच पिशवीतून पान, सुपारी, चुना निघाला, आणि चिमूटभर अजून काहीतरी. कात नव्हता, पण ते चिमूटभर तंबाखू होती हे मला दोन मिनिटांनी कळलं, जेव्हा मातुतुम हलायला लागला. मी त्यांच्याच स्टुलावर बसले, त्या हसत होत्या, लाल दात सगळे, आणि एका हाताने मला पाणी देत दुसऱ्या हाताने गिऱ्हाईकाला मालुंगायची जुडी देत होत्या.