ढीग बसत का होता?

सकाळी 7 वाजता लॅबमध्ये आले, तेव्हा वाळूच्या ढिगाच्या संगणकी मॉडेलचा रात्रीचा रन नुकताच संपला होता. स्क्रीनवर 20,000 कणांचा ढीग. रचला तेव्हा उतार 28 अंशांचा होता, आता जेमतेम 19. धक्का कुणी दिला नव्हता, तळही स्थिर होता, तरी ढीग ओल्या चिखलासारखा पसरला होता. कोरडी वाळू अशी वागत नाही. ती एकदा थांबली की थांबते.

तीन आठवडे माझा संशय टाइमस्टेपवर, म्हणजे मॉडेल एका पावलात जेवढा काळ पुढे सरकतं त्यावर, होता. दोन कणांचा स्पर्श जेवढा वेळ टिकतो, त्याच्या तुलनेत तो खूप लहान लागतो, नाहीतर ऊर्जेचा हिशेब बिघडतो. म्हणून काल तो निम्मा केला. ढीग सावरेल असं वाटलं होतं. आधी मॉडेलमधल्या 2 सेकंदांत तो साडेचार अंश बसायचा, आता तेवढ्याच काळात 9!

सरांना गतिज ऊर्जेचा आलेख दाखवला. सपाट रेषेवर मध्येच बारीक टोकं वर आली होती. ती टोकं मी आकड्यांमधली किरकोळ गडबड (नॉइज) समजून सोडून दिली होती.

"दोन टोकांमध्ये किती स्टेप्स आहेत, मोजलंस का?"

मोजलं. बरोब्बर 1000. प्रत्येक वेळी.

दर 1000 स्टेप्सनंतर माझा कोड कणांच्या शेजाऱ्यांची यादी नव्याने बनवतो. सगळा घोळ तिथेच होता. कुंडल आणि स्ट्रॅक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्पर्श झाल्यापासून दोन कण एकमेकांवर किती सरकले, ते स्पर्शरेषेच्या दिशेतली एक स्प्रिंग लक्षात ठेवते. ही आठवण असते म्हणूनच वेग शून्य असतानाही घर्षण कणाला उतारावर धरून ठेवतं. माझी नवी यादी बनताना ही सगळी मूल्यं शून्य होत होती. दर वेळी हजारो स्प्रिंगा एकदम सैल पडायच्या, ढीग केसभर खाली यायचा आणि पुन्हा अडायचा. टाइमस्टेप निम्मा केल्यावर तेवढ्याच काळात हे दुप्पट वेळा घडलं, एवढंच.

दुरुस्ती दहा-बारा ओळींची होती: कणांच्या जोडीच्या क्रमांकावरून जुनं मूल्य शोधायचं आणि नव्या यादीत उतरवायचं. दुपारच्या रनमध्ये ढीग 28 अंशांवर उभा राहिला. मी तो बराच वेळ नुसता बघत बसले.

मग याच कोडवर केलेलं सायलोचं, म्हणजे धान्य साठवायच्या उंच कोठीचं, काम पुन्हा काढावं लागलं. यान्सन यांनी 1895 मध्ये दाखवलं होतं, की धान्याचं बरंचसं वजन भिंती घर्षणाने पेलतात, त्यामुळे उंची वाढली तरी तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही. माझ्याकडे मात्र तो काळाबरोबर चढत राहायचा आणि दोष मी गुळगुळीत भिंतींना दिला होता. गटाच्या बैठकीत दाखवलेले सायलोचे आलेख मागे घेत असल्याचं त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवलं. मनाला लागलं, पण चुकीचे आकडे कुणी पुढे वापरले असते तर जास्त लागलं असतं.

रात्री सायलोत कणांचा आणखी एक थर ओतला. तळावरच्या दाबाचा आकडा किंचित हलला, मग स्थिरावला.