शेवाळाची रेघ

कोथरूडच्या एका चाळीस फ्लॅटच्या सोसायटीने मला बोलावलं ते सोलरसाठी. केंद्राच्या सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या सोलरसाठी सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळतं. चेअरमनकाका निवृत्त बँकवाले, हिशेब तयारच होता. सामाईक मीटर दिवसाला ८० युनिट खातो, एक किलोवॅट साधारण चार युनिट देतो, म्हणजे २० किलोवॅट, म्हणजे ३ लाख ६० हजार अनुदान. "तुम्ही फक्त गच्ची मोजा."

जिना चढताना सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मजल्यामजल्यावर ट्यूब चालू. जुन्या, चोकवाल्या. ३६ मोजल्या. पन्नास-पन्नास वॅट, चोवीस तास. ४३ युनिट तिथंच गेले.

गच्चीवर टाकीचा ओव्हरफ्लो थेट पावसाळी पाइपात सोडलेला, त्यामुळे वाहून गेलेलं पाणी कुणाला दिसायचंच नाही. फक्त पाइपाच्या जोडाखाली, मागच्या भिंतीवर बोटभर रुंद शेवाळाची रेघ उतरली होती आणि फटीत पिंपळाचं रोप. "ते बारा महिने ओलंच असतं साहेब," वॉचमन म्हणाला.

"पंप कधी लावता?"

"पाचला. मग गाड्या पुसतो. आठला बंद. संध्याकाळी परत तसंच."

पाच एचपीचा पंप, सहा तास, २४ युनिट. संध्याकाळच्या पाळीला मी घड्याळ लावून बसलो. टाकी दीड तासात भरली.

एलईडी, दिव्यांना टायमर, टाकी भरली की पंप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर. एवढं केलं तर ८० युनिटचे ३४ होतात, १० किलोवॅट भरपूर झाले. उरलेली वीज महावितरण वर्षाअखेरीस घेते, पण ज्या कमी दराने घेते त्यासाठी पॅनेल लावू नयेत.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे अनुदान निम्मं?"

"हो."

"आणि त्या कंट्रोलरला काही सबसिडी?"

"नाही."

खजिनदार बाई इतका वेळ गप्प होत्या. "अहो, वरच्या दहा किलोवॅटला आपल्याही खिशातून जाणार होतेच ना?"

काकांनी मग गाड्यांच्या चार्जिंगचा मुद्दा काढला. तो खोडण्यासारखा नव्हता, चार्जिंगही योजनेत बसतं. रिपोर्टात मी दोन्ही आकडे लिहिले. सभा काय ठरवेल ते ठरवेल.

निघताना वॉचमनने गेटपाशी थांबवलं. "मग सकाळी कितीला बंद करू?"

"साडेसहाला."

त्याने तिथंच मोबाइल काढून गजर लावला.