मक्याला हाताची सवय लावताना

रेडिंग, शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

आज दुपारी कॉर्न स्नेकचे एक पिल्लू घरी आले. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालील मुलांना प्राणी विकत घेता येत नाही, त्यामुळे माझ्या बारा वर्षांच्या लेकीने दोन वर्षे हट्ट करून मिळवलेला हा साप कागदोपत्री माझा आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, अर्थात डब्यासकट, त्याचे वजन करून पाहिले. डब्याचे वजन वजा केल्यावर आठ ग्रॅम उरले, म्हणजे एका सुपारीएवढे. जाडी पेन्सिलीपेक्षा कमी, पाठीवर तपकिरी-नारिंगी ठिपके आणि पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. या चौकटी मक्याच्या कणसातल्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून त्याला कॉर्न स्नेक म्हणतात, असे त्या नावाचे एक स्पष्टीकरण दिले जाते. लेकीने लगेच त्याचे नाव 'मक्या' ठेवले. नर आहे की मादी, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

त्याला ठेवायचा टब कालच तयार होता. एका बाजूला थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट, तेथे तापमान तीस अंशांच्या आसपास, दुसरी बाजू त्याहून बरीच थंड, दोन्हीकडे लपायला एकेक जागा आणि मध्ये पाण्याची वाटी. मक्या उबदार बाजूच्या लपणात शिरला आणि दिसेनासा झाला. आता किमान आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. नव्या जागेचा वास, उष्णता आणि कंपने त्याच्या अंगवळणी पडल्याशिवाय तो खाणार नाही, आणि खात नसलेल्या सापाला हाताळू नये, असे विक्रेत्याने दोनदा बजावले आहे.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर टब दाखवला. तिचे माहेर बत्तीस शिराळ्याचे. उच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशाआधी नागपंचमीला तेथे जिवंत नाग पकडून आणून पूजले जात, त्यामुळे मडक्यातला नाग तिने लहानपणी हाताच्या अंतरावरून पाहिलेला आहे. तरीही मक्याला पाहून ती म्हणाली, "अगं, जनावर ते. कुत्र्या-मांजरासारखं माणसाळणार आहे थोडंच?" सूर्य मावळल्यानंतर ती साप हा शब्द उच्चारत नाही. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. मक्याने पहिल्यांदा खाल्ले. त्याचे खाणे म्हणजे उंदराचे नुकतेच जन्मलेले, गोठवलेले पिल्लू, ज्याला येथे सगळे पिंकी म्हणतात. फ्रीझरमधला त्यांचा डबा मटार आणि ओल्या खोबऱ्याच्या पिशव्यांपासून वेगळ्या खणात ठेवण्याच्या अटीवरच माझ्या नवऱ्याने या प्रकरणाला संमती दिली होती. पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू दिली, मग गरम पाण्यात धरून कोमट केली आणि लांब चिमट्याने त्याच्यासमोर धरली. तो जिभेने दोन-तीनदा हवा चाचपडला, मग एका झटक्यात पकडून वेटोळ्यात घेतले. गिळायला सहा मिनिटे लागली.

आता पुन्हा थांबायचे. खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस त्याला उचलायचे नाही, आणि माझ्या मनाने मी असेही ठरवले आहे की दुसरे खाणे पोटात जाऊन पचेपर्यंत मुळीच नाही. लेकीला हे अजिबात पसंत नाही. तिच्या मैत्रिणीच्या हॅमस्टरला पहिल्या दिवशीच सर्वांनी हातात घेतले होते म्हणे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

दुसरे खाणे शनिवारी झाले. मधल्या दिवसांत मी रोज फक्त पाणी बदलत होते, आणि बदलून झाल्यावर हात टबाच्या तळाशी, मक्यापासून दूर, काही क्षण निश्चल ठेवत होते. पहिल्या दिवशी तो लपणात मागे सरकला. चौथ्या दिवशी लपणातून फक्त नाकाचे टोक आणि जीभ बाहेर आली. साप जिभेने हवेतले कण गोळा करून टाळूवरच्या इंद्रियाकडे पोहोचवतो, म्हणजे एका अर्थाने तो माझ्या हाताचा वास दुरूनच घेत होता. हात आधी साबणाने नीट धुतलेले असणे यासाठी फार महत्त्वाचे, कारण बोटांना उंदराचा वास असेल तर बोट आणि जेवण यांत फरक करण्याची अपेक्षा आठ ग्रॅमच्या प्राण्याकडून करणे अन्यायाचे ठरेल. हाताळल्यानंतरही हात धुवायचेच, पण ते आपल्यासाठी, सापांच्या अंगावर असू शकणाऱ्या साल्मोनेला या जंतूंमुळे.

आज पहिल्यांदा उचलले. जमिनीवर सतरंजी टाकून बसले, म्हणजे हातातून निसटला तरी पडायचे अंतर वीतभरच राहील. लपण अलगद बाजूला केले, आणि हात वरून न नेता कडेने, टबाच्या तळालगत नेला. रानात एवढ्याशा पिल्लावर वरून जे काही येते ते बहुधा पक्ष्याच्या चोचीसारखे काहीतरी असते. तरीही मक्याने मान नागमोडी आखडून घेतली आणि शेपटीचे टोक इतक्या वेगाने थरथरवले की खालच्या कागदावर कोणीतरी बारीक फांदी फिरवत असल्यासारखा आवाज आला. मग त्याने हल्ला केला. बोटावर पेन्सिलीचे टोक टेकल्याएवढा तो स्पर्श. रक्त नाही, ओरखडा नाही. तरी माझा हात कोपरापर्यंत मागे आला, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते.

विक्रेत्याने सांगितले होते की चावला म्हणून लगेच परत ठेवू नका, नाहीतर चावले की मोठा प्राणी निघून जातो एवढेच तो शिकेल. म्हणून दुसऱ्यांदा हात नेला, शरीराच्या मधल्या भागाखाली बोटे सरकवली आणि उचलले. उचलल्यावर लढण्याचा सगळा आवेश ओसरला आणि फक्त पळण्याची घाई उरली. तो एका तळहातावरून पुढे निघाला की मी दुसरा तळहात त्याच्यापुढे धरायची, तेथून पुढे गेला की पहिला पुन्हा पुढे. माग चालवल्यासारखे हात खालीवर होत होते आणि मक्या मात्र, त्याच्या मते, बराच दूर पोहोचला होता. न आवळणे, न अडवणे, सगळ्या लांबीला आधार देणे, एवढेच काम. चौथ्या मिनिटाला त्याचा वेग कमी झाला. पाचव्या मिनिटाला, तो थोडा स्थिरावलेला असतानाच, परत ठेवला. हाताला एक उग्र, कुबट वास राहिला होता. तो भीतीने सोडलेला द्राव. दोनदा साबण लावला.

सोमवार, २८ ऑक्टोबर

आजची नोंद लिहायला मन होत नाही. शनिवारी रात्री मक्याने तिसरी पिंकी खाल्ली. काल घड्याळे एक तास मागे गेली, दिवाळीच्या तयारीसाठी दोन कुटुंबे घरी आली, चहा झाला, आणि 'साप दाखवा' असा आग्रह सुरू झाला. जेवून पुरता एक दिवसही झालेला नाही, हे मला पक्के ठाऊक होते. दोनच मिनिटे म्हणून मी त्याला बाहेर काढले. चार मुलांनी आळीपाळीने हातात घेतले, कोणी किंचाळले, कोणी फोन त्याच्या तोंडाजवळ नेला. आज सकाळी टबाच्या थंड बाजूला अर्धवट पचलेली पिंकी पडलेली होती.

सापाने गिळलेले असे बाहेर टाकणे ही किरकोळ गोष्ट नाही. पोटातले पाचक द्रव बाहेर येताना अन्ननलिकेला इजा करतात, अंगातले पाणी जाते, आणि एवढ्या लहान पिल्लात हे पुनःपुन्हा झाले तर त्याच्या जिवावर बेतू शकते. सापांच्या माहीतगार पशुवैद्याला फोन केला. दहा ते चौदा दिवस काहीही खायला देऊ नका, पाणी ताजे ठेवा, तापमान तपासा, हाताळणे पूर्ण बंद, आणि त्यानंतरचे पहिले खाणे नेहमीपेक्षा लहान, असे त्यांनी सांगितले. लेक माझ्याशी दिवसभर बोलली नाही. नियम मी केला होता, तिच्याकडून पाळूनही घेतला होता, आणि पाहुण्यांसमोर मिरवायच्या मोहात तो मीच मोडला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज गाय फॉक्स (Guy Fawkes) या इंग्रजी सणाच्या रात्रीचे फटाके. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जबड्याच्या हाडांना जोडलेल्या आतल्या कानातून त्याला जमिनीची कंपने जाणवतात, आणि हवेतून येणारे खर्जातले आवाजही काही प्रमाणात पोहोचतात. टब भिंतीपासून दूर सरकवला आणि खाली जाड घोंगडी घातली. तो लपणातच होता. त्याच्याजवळ नुसते बसून राहण्यापलीकडे सध्या माझ्या हाती काही नाही.

बसल्या बसल्या आईच्या 'माणसाळणे' या शब्दाचा विचार करत होते. माणसाळलेले जनावर म्हणजे माणसाकडे ओढ घेणारे, हाक मारली की येणारे, आपल्या माणसांतले झालेले. मक्याकडून मी तशी काही अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर कुत्र्याचा मुखवटा चढवणे होईल. त्याला जे शिकता येते ते याहून साधे आहे: हा ऊबदार, हलणारा पृष्ठभाग वारंवार येतो आणि त्यानंतर वाईट काही घडत नाही. पाहुणे आले त्या रविवारी मी त्याला नेमके याच्या उलट शिकवले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नवव्या तारखेला सर्वांत लहान पिंकी दिली, ती पोटात राहिली. सोळाव्या तारखेचीही राहिली. आज पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी हात लेकीचा. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली निघाली, कारण तिला भीती नाही आणि त्यामुळे तिचा हात मध्येच अडखळत नाही. अडखळणारा, पुढे-मागे होणारा हात सापाला जास्त घाबरवतो, हे मी तिच्याकडे पाहून शिकले. मक्याने शेपटी थरथरवली, पण हल्ला केला नाही. सहा मिनिटांनी तो तिच्या मनगटाभोवती एक सैल वेटोळे घालून थांबला.

"आई, त्याला मी आवडते," ती म्हणाली. मी म्हटले, "तुझ्या मनगटाची ऊब आवडते." ती म्हणाली, "ते माझंच मनगट आहे ना?" यावर मला उत्तर सुचले नाही.

ठरले असे: आठवड्यातून दोनदा, खाण्यानंतर दोन पूर्ण दिवस सोडून, दर वेळी एखाद-दोन मिनिटे वाढवत. पाहुण्यांना टबाबाहेरून दर्शन.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

डोळ्यांवर निळसर-दुधी झाक आली आहे आणि अंगाचा रंग मळकट पडला आहे, म्हणजे कात टाकायची वेळ आली. या काळात त्याला धड दिसत नाही आणि नवी त्वचा नाजूक असते, म्हणून हाताळणे पुन्हा बंद. लपणात ओलसर शेवाळ ठेवले. लेकीने या खेपेस स्वतःहून सांगितले, "आज नको."

शनिवार, १४ डिसेंबर

सहा तारखेला कात पडली, शेंड्यापासून शेपटीपर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टोप्यांसकट. त्या दोन्ही निघाल्या आहेत ना, हे भिंग घेऊन पाहावे लागते, कारण सापाला पापण्या नसतात आणि जुनी टोपी डोळ्यावर राहिली तर त्रास होतो. कात ओली असताना ताणली जाते, म्हणून मोजलेली लांबी खरी मानायची नाही. तरी लेकीने पट्टी लावून तिच्या वहीत आकडा लिहिलाच.

आज दुपारी मी टब उघडला, हात तळालगत ठेवला आणि लपण न उचलता थांबले. मिनिटभराने मक्या बाहेर आला, माझ्या तर्जनीवर जिभेने चार वेळा चाचपले, आणि मग स्वतःच हातावर चढला. पोटावरचे रुंद खवले एकामागून एक कातडीला टेकून पुढे सरकतात तो स्पर्श कोरडा असतो, काहीसा नव्या रेशमी रिबिनीसारखा. तो बाहीत शिरला, कोपरापाशी थांबला आणि वीस मिनिटे तेथेच राहिला. शेपटी थरथरली नाही, वास आला नाही. मीही तोवर खांद्यातला ताण सोडलेला होता, हे मला तो परत गेल्यावर लक्षात आले.

आईला रात्री फोटो पाठवला. तिचे उत्तर आले: "बाहीत? बरं. थंडी असेल त्याला."

वजन अकरा ग्रॅम. उद्या खाण्याचा दिवस आहे, त्यामुळे बुधवारपर्यंत सुट्टी. लेकीने टबाच्या झाकणावर चिकटवायला एक पाटी केली आहे, तिच्या वाकड्या देवनागरीत: "जेवण झाले आहे. हात लावू नये. आईने सुद्धा."